दहा आठवडे आधी जन्मलेले बाळ, आरएसव्हीचा हंगाम आणि घरातले गौरी-गणपती

रानजाई:

नमस्कार. आमच्या मुलीचा जन्म जूनच्या मध्यावर, म्हणजे दिलेल्या तारखेच्या दहा आठवडे आधी झाला. जन्माच्या वेळी तिचे वजन १२५० ग्रॅम होते. फुप्फुसे पुरती तयार झालेली नसल्यामुळे तिला फुप्फुसे उघडी ठेवणारे सर्फॅक्टंट हे औषध द्यावे लागले, त्यानंतर बरेच दिवस ती सीपॅपवर, म्हणजे नाकावाटे सतत दाबाने हवा देणाऱ्या यंत्रावर होती आणि दूधही नळीवाटेच जात होते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आम्ही तिला घरी आणले. आता ती २२०० ग्रॅमची आहे, अंगावर पिते, पिता पिता दमली की उरलेले दूध मी काढून बोंडल्याने पाजते, आणि ऑक्सिजनची गरज तिला राहिलेली नाही.

घरी सोडताना डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा एकच गोष्ट बजावली, ती म्हणजे सध्या श्वसनमार्गाला बाधणाऱ्या आरएसव्ही या विषाणूचे दिवस असल्यामुळे सर्दी-खोकला झालेल्या कोणालाही बाळाजवळ येऊ देऊ नका. आमच्याआधी त्याच कक्षातून घरी गेलेले एक बाळ सर्दीचे निमित्त होऊन परत आले आणि त्याला व्हेंटिलेटरवर ठेवावे लागले, हे मी तेथे असतानाच पाहिले आहे. त्यामुळे हा सल्ला मी हलक्यात घेत नाही.

अडचण घरातली आहे. आम्ही साताऱ्यात एकत्र कुटुंबात राहतो. गणपती तीन आठवड्यांवर आले आहेत, गौरी आमच्याच घरी बसतात आणि मुंबई-पुण्याची पंधरा-वीस माणसे तेव्हा मुक्कामाला असतात. सगळे जमलेच आहेत तर त्याच वेळी बारसे उरकावे, असे सासूबाईंच्या मनात आहे. जाऊबाईंची दोन मुले आहेत, एक बालवाडीत आणि एक दुसरीत, आणि पावसाळ्यात त्यांची नाके सहसा कोरडी नसतात. शिवाय बाळाला संध्याकाळी ओवा आणि बाळंतशोपेची धुरी द्यावी, श्वास मोकळा राहण्यासाठी नाकात तेलाचा थेंब सोडावा, असेही घरात सुचवले जाते. सासूबाई अतिशय मायेने करतात, मला त्यांना दुखवायचे नाही, पण काय सांगावे आणि कोणत्या आधाराने सांगावे, हे समजत नाही.

मोठ्या माणसाला जी केवळ सर्दी वाटते, ती अशा बाळाला इतकी का बाधते? एकदाच टोचायच्या प्रतिपिंडांच्या इंजेक्शनाविषयी ऐकले आहे, ते आमच्या मुलीला उपयोगी पडेल का? आणि संसर्ग झालाच, तर तो ओळखावा कसा?

नवजात_कक्ष:

मी नवजात शिशुतज्ज्ञ आहे. आपल्या मुलीला मी तपासलेले नाही, म्हणून तिच्याविषयीचा शेवटचा शब्द तिच्या डॉक्टरांचाच असावा.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर दोन भागांत आहे. आईच्या रक्तातील प्रतिपिंडे, म्हणजे रोगजंतूंशी लढणारी प्रथिने, वारेतून बाळाकडे जातात, परंतु त्यांचा मोठा वाटा गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीत, विशेषतः शेवटच्या काही आठवड्यांत पोहोचतो. जे बाळ तिसाव्या आठवड्यात जन्मते, त्याला ही शिदोरी पुरती मिळालेलीच नसते. दुसरा भाग फुप्फुसांचा आहे. आरएसव्ही सर्वांत बारीक श्वासनलिकांच्या आतील अस्तरात वाढतो. त्या अस्तराच्या पेशी मरून गळतात, भिंत सुजते, चिकट स्राव साचतो आणि नळी बुजत जाते. नळीची त्रिज्या निम्मी झाली की तिच्यातून वाहणाऱ्या हवेला होणारा अडथळा सोळापट होतो, हे भौतिकशास्त्राचे गणित आहे. मोठ्या माणसाच्या रुंद श्वासनलिकेला मिलिमीटरभर सूज जाणवतही नाही, पण दोन किलोच्या बाळाच्या नलिकेत तेवढ्याने जागाच उरत नाही. त्यात सीपॅपवर राहिलेल्या फुप्फुसांत राखीव ताकद कमी असते आणि श्वासाचे स्नायूही लवकर थकतात.

जगाचा हिशेब पाहिला तर २०१९ मध्ये पाच वर्षांखालील सुमारे १ लाख मुले या विषाणूमुळे दगावली, असा अंदाज आहे. यांपैकी बहुतेक मृत्यू गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत झाले आणि सुमारे निम्मे सहा महिन्यांखालील बाळांचे होते. आपल्याकडे मेळघाटातील आदिवासी गावांत घरोघरी जाऊन दोन वर्षांखालील मुलांचा अभ्यास झाला, त्यात आरएसव्हीचे मृत्यू रुग्णालयाबाहेर, गावातही होत असल्याचे दिसले. रुग्णालयाच्या नोंदवह्यांवरून या रोगाची मोजदाद करणे किती अपुरे आहे, हे त्यातून कळते.

आता लक्षणांकडे येतो, कारण पालकांची गफलत बहुधा येथे होते. सगळे खोकल्याची वाट पाहत बसतात. अपुऱ्या दिवसांच्या लहानग्या बाळात खोकला शेवटी येतो, किंवा येतही नाही. प्रथम दिसते ते असे की बाळ पिण्याला कंटाळते, नेहमीच्या निम्मे पिऊन झोपी जाते, उठवले तरी मलूल राहते. त्यानंतर किंवा काही वेळा सर्वांत आधी श्वास थांबू लागतो. वीस सेकंद किंवा त्याहून अधिक काळ श्वास न घेणे, किंवा त्याहून कमी काळ थांबला तरी रंग बदलणे, हे धोक्याचे आहे. श्वास असा मध्येच थांबू नये म्हणून नवजात अतिदक्षता कक्षात (एनआयसीयूत) अशा बाळांना कॅफीन देतात, तेच दुखणे या संसर्गात पुन्हा डोके वर काढते. तापावर भिस्त ठेवू नका, अनेकदा ताप नसतो, उलट अंग गार पडलेले असते.

बाळ शांत असताना पोट उघडे ठेवून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास, बरगड्यांखालची जागा आत ओढली जाणे, नाकपुड्या फुलणे, प्रत्येक श्वासाबरोबर कण्हणे, ओठ किंवा जीभ निळसर दिसणे, यांपैकी काहीही आढळले तर सकाळची वाट न पाहता निघा. मोठ्यांच्या बोटाला लावायचा ऑक्सिमीटर बाळाच्या पावलावर लावून येणाऱ्या आकड्यावर विसंबू नका.

इंजेक्शनाविषयी सांगायचे तर, निर्सेव्हिमॅब ही लस नाही, ती तयार प्रतिपिंडे आहेत. पाच किलोंखालील बाळाला ५० मिलिग्रॅमची एकच मात्रा मांडीत देतात आणि साधारण पाच महिने, म्हणजे एक हंगामभर, तिचे संरक्षण राहते. २९ ते ३५ आठवड्यांच्या दरम्यान जन्मलेल्या १४५३ बाळांवर जी चाचणी झाली, तिच्यात वैद्यकीय मदत घ्यावी लागणारा आरएसव्हीचा छातीचा संसर्ग सुमारे ७० टक्क्यांनी आणि त्यासाठी रुग्णालयात दाखल होणे सुमारे ७८ टक्क्यांनी कमी झाले. आपली मुलगी नेमक्या याच गटातली आहे. हे इंजेक्शन सरकारी लसीकरण कार्यक्रमात नाही आणि ते स्वस्तही नाही. म्हणून ते कोठे आणि किती खर्चात मिळेल, हे आपल्या डॉक्टरांना गणपती येण्याआधी, शक्य तर याच आठवड्यात विचारा. हंगाम संपत आल्यावर घेतलेल्या मात्रेचा लाभ कमी.

धुरी पूर्णपणे बंद. धूर ओव्याचा असो, उदाचा असो की विडीचा, सुजणाऱ्या श्वासनलिकेला त्यात फरक नाही. नाकात तेल तर मुळीच नको, कारण ते ओघळून फुप्फुसांत गेले तर त्याचाच वेगळा न्यूमोनिया होतो. नाक चोंदले असेल तर पाजण्यापूर्वी सलाइनचे थेंब पुरतात.

दोन_पाखरे:

मी पुण्यात राहते. आमची जुळी मुले एकतिसाव्या आठवड्यात झाली आणि त्यांपैकी धाकट्याला घरी आल्यावर आरएसव्ही झाला, म्हणून लिहिते आहे.

वर डॉक्टरांनी पिण्याविषयी जे लिहिले आहे, ते आमच्याकडे तंतोतंत तसेच घडले. मी दुधाची वही ठेवत असे. संध्याकाळच्या दोन रकान्यांत धाकट्याचे दूध ४० मिलिलिटरवरून २० आणि मग १५ वर आले, तोपर्यंत त्याला ना खोकला होता ना ताप. त्याच्या झबल्याचे बंद सोडून पाहिले, तेव्हा प्रत्येक श्वासाला बरगड्यांच्या खाली खळगा पडत होता आणि मान किंचित पुढे-मागे हलत होती. जवळच्या दवाखान्यात त्याला वाफ देण्यात आली आणि अँटिबायोटिक लिहून दिले. त्यांनी श्वास मोजला नाही, याचा राग मला अजून आहे. रात्री आम्ही मोठ्या रुग्णालयात गेलो. तेथे त्याला ऑक्सिजन आणि पुढे सीपॅप लागला, दूध पुन्हा नळीने सुरू झाले, नाक सतत साफ करत राहिले, आणि औषध म्हणावे असे जवळजवळ काही दिले नाही. तेव्हा मला वाटले होते की हे लोक काहीच करत नाहीत. आता समजते की त्या रोगात करण्यासारखे तेवढेच असते, आणि ते नीट करणारी माणसे असली तरच बाळ तरून जाते.

घरातल्या शिस्तीविषयी एक सुचवते. 'येऊ नका' असे सांगितले की माणसे दुखावतात, 'येताना अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून या आणि दारातल्या साबणाने कोपरापर्यंत हात धुवा' असे सांगितले की तीच माणसे आनंदाने पाळतात. आम्ही बाळाच्या खोलीच्या दाराशीच बादली, साबण आणि स्वच्छ पंचांची चळत ठेवली होती. ज्याला शिंक येत असेल तो आपणहून बाहेर थांबू लागला, कारण नियम सगळ्यांना सारखा होता. अगदी बाळाच्या आजोबांनाही.

लेस्टरकर:

आम्ही इंग्लंडमध्ये असतो आणि आमच्या भाचीच्या प्रसूतीच्या वेळी हा विषय जवळून पाहिला, म्हणून इकडची पद्धत कळवतो. येथे सप्टेंबर २०२४ पासून गर्भवतींना अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून आरएसव्हीची लस दिली जाते. ती आईला टोचायची आणि प्रतिपिंडे वारेतून बाळाला मिळायची, अशी तिची रीत आहे. परंतु प्रतिपिंडे तयार होऊन पलीकडे पोहोचण्यास किमान दोन आठवडे लागतात. त्यामुळे तिसाव्या आठवड्यात अचानक प्रसूती झाली तर लस घेतली असूनही तिचा फारसा लाभ होत नाही. या बाळांसाठीच येथील आरोग्यसेवेने २०२५ च्या हंगामापासून बत्तीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या सगळ्यांना निर्सेव्हिमॅब देण्याचे ठरवले. त्याआधी पॅलिव्हिझुमॅब हे इंजेक्शन हंगामात दर महिन्याला द्यावे लागे आणि तेही अगदी निवडक बाळांनाच मिळत असे.

एक फरक ध्यानात ठेवावा. इकडे हंगाम थंडीत, ऑक्टोबरपासून पुढे असतो, तर महाराष्ट्रात तो पावसाळ्यात सुरू होतो. परदेशी संकेतस्थळांवरचे 'ऑक्टोबरमध्ये इंजेक्शन घ्या' हे वाक्य वाचून साताऱ्यात थांबून राहिलात, तर तोपर्यंत हंगाम बराचसा उलटून गेलेला असेल.

मालतीआजी:

मी वैद्यकीय क्षेत्रातली नाही. चार नातवंडांची आजी आहे, आणि या चर्चेत सासूबाईंच्या बाजूने बोलणारे कोणी दिसत नाही, म्हणून लिहिते.

बारसे, गौरी, पाहुणे हे आमच्या पिढीला केवळ हौसेचे वाटत नाही. जे मूल हाती लागेल की नाही अशी धास्ती होती, ते चार माणसांसमोर पाळण्यात घालावे, यात देवाचे आभारही असतात. म्हणून रानजाई, सासूबाईंपुढे विषाणूचे नाव घेऊन बसू नका. त्यांच्याच शास्त्रात याचे उत्तर आहे. बाळंतिणीच्या खोलीत सव्वा महिना बाहेरच्याला मज्जाव असे, तो आमच्या आया कसोशीने पाळत. तुमच्या मुलीचा सव्वा महिना रुग्णालयातच गेला, असे कोणी म्हणेल. तुम्ही म्हणा की तिची खरी तारीख ऑगस्टअखेरची होती, तर सव्वा महिना त्या तारखेपासून धरू. तो ऑक्टोबरमध्ये संपतो. गौरीला तिच्या नावाने खण ठेवावा, नाव कागदावर लिहून गौरीपुढे ठेवावे, आणि पाळण्याचा सोहळा दिवाळीच्या सुमारास करावा. हे त्यांना पटेल, असे मला वाटते.

धुरीबद्दल मात्र मला विचारायचे आहे. आम्ही सगळ्या मुलांना धुरी दिली आणि ती खणखणीत वाढली. शिवाय थोडेफार जंतू अंगावर आले की मूल काटक होते, हेही खोटे का?

नवजात_कक्ष:

मालतीआजी, सव्वा महिना दिलेल्या तारखेपासून मोजण्याची आपली सूचना मी माझ्या रुग्णांच्या घरच्यांना यापुढे सांगणार आहे. आम्हीही अशा बाळांचे वय वाढ तपासताना तसेच मोजतो, त्याला आम्ही दुरुस्त वय म्हणतो. फक्त एवढे लक्षात असू द्यावे की सव्वा महिना संपला म्हणून विषाणूचा हंगाम संपत नाही. हात धुणे आणि सर्दी झालेल्यांना दूर ठेवणे त्यानंतरही चालू राहावे.

धुरीबाबत माझे मत बदलणार नाही. आपली मुले पूर्ण दिवसांची होती, आणि ज्या घरांतून मुले गेली त्या घरांत ती धुरीमुळे गेली की सर्दीमुळे, हे तेव्हा कोणी मोजले नाही. काटकपणाविषयी बोलायचे तर आरएसव्हीची प्रतिकारशक्ती टिकाऊ नसते. हा विषाणू आयुष्यात पुन्हा पुन्हा होतो, एका हंगामात दोनदाही होऊ शकतो. त्यामुळे दोन किलोच्या बाळाला तो लवकर होऊन गेल्याने काहीही पदरात पडत नाही. तोच दोन वर्षांच्या वयात झाला, तर बहुतेक मुलांचे चार दिवस नाक वाहते एवढेच.

दोन_पाखरे यांच्या अनुभवाला पुस्ती जोडतो. या रोगात नेब्युलायझरची औषधे, स्टेरॉइड आणि अँटिबायोटिक यांचा सरसकट उपयोग होत नाही, आणि निव्वळ आरएसव्हीसाठी ती देऊ नयेत असेच मार्गदर्शन आहे. मात्र दोन महिन्यांखालच्या बाळात जिवाणूंचा संसर्ग बाहेरून वेगळा ओळखता येत नाही, म्हणून तपासण्यांचे निकाल येईपर्यंत डॉक्टरांनी अँटिबायोटिक सुरू केले, तर तेथे वाद घालू नये.

सूक्ष्मदर्शी:

मी विषाणूशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. लस यायला एवढा काळ का लागला, असा प्रश्न या विषयावर हमखास येतो, म्हणून थोडे विषयाला धरूनच सांगते.

हा विषाणू १९५६ मध्ये अमेरिकेत सर्दी झालेल्या चिंपांझींमध्ये प्रथम सापडला आणि लगेच पुढे आजारी अर्भकांतही मिळाला. दहा वर्षांनी, १९६६ च्या सुमारास, फॉर्मॅलिन या रसायनाने निष्क्रिय केलेल्या विषाणूची लस लहान मुलांना देऊन पाहण्यात आली. ती मुले पुढच्या हंगामात खऱ्या विषाणूच्या संपर्कात आली, तेव्हा लस न घेतलेल्यांपेक्षा अधिक गंभीर आजारी पडली आणि त्यांतली दोन दगावली. त्यानंतर कित्येक दशके लहान मुलांवर असा प्रयोग करण्यास कोणी धजावले नाही. पुढे उलगडले ते असे, की पेशीत शिरण्यासाठी विषाणू जे एफ प्रथिन वापरतो, ते शिरण्यापूर्वी एका आकारात असते आणि शिरताना उलटून दुसऱ्या आकारात जाते. उपयोगी प्रतिपिंडे मुख्यतः पहिल्या आकाराविरुद्ध बनतात, आणि जुन्या लसीत तो आकारच टिकलेला नव्हता. २०१३ मध्ये हा पहिला आकार स्थिर करण्यात यश आले आणि पुढच्या दहा वर्षांत गर्भवतींची लसही आली. निर्सेव्हिमॅबही प्रथिनाच्या त्याच आकारावर बसते.

तपासणीविषयी: नाकाच्या मागच्या भागातून घेतलेल्या स्रावाची पीसीआर चाचणी खात्रीची असते. घरी असलेल्या बाळावरचे उपचार तिने सहसा बदलत नाहीत, पण नवजात कक्षात ती महत्त्वाची ठरते, कारण एका पाळण्यातला विषाणू कर्मचाऱ्यांच्या हातांवरून शेजारच्या पाळण्यात जातो. कडक पृष्ठभागांवर तो काही तास तग धरतो. जाऊबाईंच्या मुलांनी हाताळलेला खुळखुळा बाळाच्या अंथरुणात येणे, हे शिंकेइतकेच वाईट.

रानजाई:

सर्वांचे आभार. मालतीआजींनी सुचवल्याप्रमाणे काल सासूबाईंशी बोलले. 'तारखेपासून सव्वा महिना' हे ऐकल्यावर त्यांनी स्वतःच पंचांग काढले आणि दिवाळीच्या आधीचा एक दिवस पाहून ठेवला. धुरीवर त्या गप्प राहिल्या, पण संध्याकाळी निखारे केले नाहीत. मी आणि बाळ गणपतीत वरच्या मजल्यावरच्या खोलीत राहू, स्वयंपाकाला बाहेरची बाई लावू. इंजेक्शनासाठी डॉक्टरांनी सोमवारी बोलावले आहे.

दोन शंका उरल्या आहेत. मलाच सर्दी झाली तर पाजायचे का? आणि ती इतकी लहान असताना नेहमीच्या लसी पुढे ढकलाव्यात का, कारण घरात तसे म्हणणे आहे.

नवजात_कक्ष:

पाजणे थांबवू नका. तुम्हाला सर्दी झाली तर तुमच्या शरीरात जी प्रतिपिंडे बनतील, त्यांतली काही दुधातून तिला मिळतील. नाक आणि तोंड झाकणारा मास्क लावा, हात धुवून तिला घ्या, तिच्या चेहऱ्याजवळ चेहरा नेऊ नका, आणि पाजून झाले की सर्दी नसलेल्या माणसाकडे तिला सोपवा. छातीशी घेऊन कांगारू पद्धतीने ठेवणे त्या चार दिवसांत मुलीच्या बाबांनी करावे.

लसी पुढे ढकलू नयेत. अपुऱ्या दिवसांच्या, पण प्रकृती स्थिर असलेल्या बाळाच्या लसी जन्मतारखेपासूनच मोजायच्या असतात, दुरुस्त वयापासून नव्हे. म्हणजे सहा आठवड्यांची पेंटाव्हॅलंट (पाच रोगांविरुद्धची एकत्र लस) आणि न्यूमोकॉकलची मात्रा आपल्या मुलीला केव्हाच देय झाली आहे. सोमवारी जाताना लसीकरणाचे कार्ड बरोबर न्या. निर्सेव्हिमॅब त्याच दिवशी दुसऱ्या मांडीत देता येते, त्यासाठी अंतर ठेवावे लागत नाही. घरातल्या मोठ्यांनी फ्लूची लस घेतली तर उत्तमच, कारण बाळाला ती सहा महिन्यांपर्यंत देता येत नाही.

आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका व सर्वांत जवळच्या नवजात अतिदक्षता कक्षाचा फोन नंबर गौरीच्या आधी घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असू द्या. सरकारी रुग्णालयात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाचे उपचार आणि तेथवरची ने-आण विनामूल्य असते, हेही घरी सांगून ठेवा.